तीन ओळींची नोटीस

२ फेब्रुवारी

माननीय वकीलबाई यांना सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच बाजूला ठेवलं असेल, तर कृपया फोडा. (ही विनंती आत लिहून उपयोग नाही, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. आता खोडत बसत नाही.)

काम तुमचंच आहे. कंपन्या आणि त्यांच्या नावाची पाटी लावून दुकानं चालवणारी माणसं यांच्यातले तंटे सोडवायला लवाद मंडळ नेमलं जातंय. त्यातल्या एका जागेसाठी तुमचं नाव वर आलं आहे. तुम्ही पहिली नऊ वर्षं माझ्या हाताखाली वकिली केलीत, म्हणून निवड समितीनं मला चार पानी फॉर्म पाठवला आहे. वर मथळा : 'उमेदवाराची व्यावसायिक पार्श्वभूमी'. अठरा तारखेला संध्याकाळी पाचच्या आत तो त्यांच्या कचेरीत पोचला पाहिजे. कचेरी इथेच आहे, माझ्या घरापासून बसनं सहा थांबे.

तुमच्या तारखा कळवाव्यात. सनद कधी, कोणत्या वर्षी काय. ऑफिस बंद करून मला चार वर्षं झाली. टायपिस्टबाई नातवंडांत रमल्या आहेत. माझ्याकडे उरलंय ते पुस्तकांचं एक कपाट आणि लेटरहेडचा अर्धा गठ्ठा, ज्यातला हा कागद.

आता राहिला रकाना आठ. 'पूर्वी काही तक्रार किंवा समज? असल्यास सविस्तर लिहा.' त्या बालवाडीच्या प्रकरणात वकील संघटनेनं तुम्हाला समज दिली होती, ती नोंद अजून आहे. जागा पुढे ठेवण्याची नोटीस घरमालकाला वेळेत गेली नाही, एवढीच गोष्ट. का गेली नाही, कुठे अडकली, आता कोणाला आठवतंय! समितीतल्या एका गृहस्थांनी मला फोनवर सांगितलं की बाकी सगळं उत्तम आहे, गाडी फक्त तिथे अडली आहे. मी तिथे 'किरकोळ बाब, मिटली' असं लिहून टाकतो. माझ्या शब्दाला अजून वजन आहे. संघटनेच्या नव्या वाचनालयाला माझं नाव द्यायचं घाटतंय, हे कानावर आलंच असेल.

आमच्या हिनं तुम्हाला आठवणीनं विचारलं आहे. पत्र वाचून म्हणाली, "तिला तू म्हणायचात ना? हे तुम्ही-तुम्ही काय लावलंय?" म्हटलं, अकरा वर्षं झाली. त्यावर तिनं चहाचा कप जरा आपटूनच ठेवला.

आपला,
सर (अजूनही असेन तर)


७ फेब्रुवारी

चि. वकीलबाई,

'तुम्ही' सोडून दिलं. हिच्यापुढे माझं काही चालत नाही.

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी! 'तारखा मागच्या बाजूला लिहिल्या आहेत. रकाना आठमध्ये किरकोळ लिहू नये, बेचाळीस मुलं दोन महिने घरी बसली होती. काकूंना नमस्कार सांगावा.'

मला नमस्कार नाही. असो. कागद उलटा करून बघितला, तिथेही नव्हता, फक्त तारखा होत्या, एकाखाली एक, फुटपट्टीनं आखल्यासारख्या. तुझ्यात बदल नाही.

फॉर्ममध्ये 'विशेष कामे' या सदरात साडेतीन इंच जागा आहे. मी आत्तापर्यंत पाच पुरवण्या जोडल्या आहेत. ऑफिसात मागे मला सगळे 'पानभर' म्हणायचे, हे मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. कागद माझ्या टेबलावरून जाताना पानभर झाल्याशिवाय जात नाही, म्हणून पानभर. तुला टेपबाई म्हणायचे. त्यातलं अर्धं श्रेय तुझ्या पहिल्या दिवसाचं.

तो दिवस मी पहिल्या पुरवणीत लिहिला आहे. तू मुलाखतीला आलीस तेव्हा चपला धुळीनं भरलेल्या होत्या. विचारलं, आधी काय करत होतीस? म्हणालीस, जमीन मोजणाऱ्यांकडे दोन वर्षं टेपचं दुसरं टोक धरत होते. मला हसू आलं. तुझी परीक्षा घ्यावी म्हणून घड्याळाच्या दुकानाचा एक भाडेकरार पुढे टाकला आणि म्हटलं, संध्याकाळपर्यंत चूक काढून दाखव. करार मीच केलेला होता, त्यात चूक असण्याचा प्रश्न नव्हता. तू पिशवी उचललीस आणि चालती झालीस. मला वाटलं, घाबरून पळाली. चार वाजता परत आलीस ती घामाघूम.

"सर, मागचं दार करारात नाहीये."

"कुठलं मागचं दार?"

"माल त्याच दारानं येतो. ते शेजारच्याच्या बोळात उघडतं. शेजाऱ्यानं उद्या कुलूप लावलं, तर घड्याळं काय खिडकीतून घ्यायची?"

मी त्या दुकानात कधी गेलोच नव्हतो. वीस वर्षं जागांचे करार करत होतो आणि जागा बघायला पाय उचलत नव्हतो. 'पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक' असं झोकात लिहायचं, की झालं काम. तुला त्याच दिवशी नेमलं. त्या शेजाऱ्यानं पुढच्याच वर्षी खरोखर कुलूप लावलं, आणि तोवर दार करारात आलं होतं, हे तुला आठवत असेलच.

दुसऱ्या पुरवणीत तारखांचं पान. फ्रँचायझीच्या प्रत्येक फाइलवर तू एक कोरा कागद लावायचीस. वरची रेघ जागेच्या कराराची, खालची कंपनीच्या कराराची. कंपनीनं नाव दहा वर्षांसाठी दिलं असेल आणि जागा पाचच वर्षं असेल, तर खालची रेघ पुढे जायची आणि वरची मध्येच संपायची. जिथे संपली तिथे लाल पेन्सिलीनं गोल. 'इथे माणूस पाटी हातात घेऊन रस्त्यावर उभा राहील,' असं तू एकदा एका पक्षकाराला सांगितलंस. मी त्या पानाला शाळेतला तक्ता म्हणून हिणवलं होतं. आता या गावातलं प्रत्येक ऑफिस तो कागद लावतं आणि कोणी सुरू केला हे कोणालाच माहीत नाही. मी नीट लिहिलं आहे.

तिसरी पुरवणी, बूट दुरुस्तीवाला. एका मोठ्या साखळीचं दुकान घ्यायला निघाला होता, पेन उघडूनच बसला होता. तू त्याला करार शेवटच्या पानापासून वाचायला लावलास. दर कलमाला विचारायचीस, "आता तुमच्या शब्दांत सांगा." तो घाम पुसत म्हणाला, "म्हणजे मी तीन महिने आजारी पडलो, तर दुकान कंपनीचं?" तू म्हणालीस, "हो." "मग बाई, हे मला नको." मी बाहेरून ऐकत होतो, माझ्या कपाळाला आठ्या. आलेलं काम चाललं होतं! तू कंपनीच्या माणसाशी तीनदा बोललीस, ते कलम बदलून घेतलंस, मग त्याला पेन दिलंस. तो माणूस मला गेल्या आठवड्यात भेटला. माझे बूट त्यानंच शिवले. पायांकडे बघून ओळखलं आणि पहिला प्रश्न, "बाई कशा आहेत?" मी कसा आहे, हे त्यानं विचारलं नाही.

असं बरंच आहे. लिहायला बसलो की माझंच मला नवल वाटतं. नऊ वर्षं समोरच्या टेबलावर बसलेल्या माणसाचं कौतुक करायला मला सरकारी फॉर्म लागला.

रकाना आठ अजून कोरा आहे. घाईनं लिहिण्यासारखा नाही. जरा शब्द जुळवतो.

तुझा,
सर

ता.क. 'किरकोळ' खोडलं आहे.


११ फेब्रुवारी

चि. वकीलबाई,

रकाना आठसाठी मी काल बालवाडीत गेलो होतो. हो, स्वतः, पायी. तुझ्याकडून शिकायला एवढा उशीर झाला.

बालवाडीच्या बाई आता पार पिकल्या आहेत, पण आवाज तसाच. मी फाटकात उभा, तर आतून म्हणाल्या, "पालक असाल तर बारा वाजता या." म्हटलं, मी वकील. मग ओळखलं. मला त्या मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं. गुडघे हनुवटीला लागले. अशा खुर्चीवर बसून कोणाला खोटं बोलणं अवघड जातं, हे तुझ्या माहितीसाठी.

मी विचारलं, "तुम्ही तिच्याविरुद्ध तक्रार केली होती, त्याबद्दल समितीला काय लिहू?"

त्या म्हणाल्या, "तक्रार मी केली. पण अर्ज कुठे करायचा, काय जोडायचं, हे मला कोणी सांगितलं माहितीये? तिनंच. म्हणाली, तुमचं नुकसान आमच्या ऑफिसनं केलंय, तक्रार करणं तुमचा हक्क आहे. माझ्यासमोर बसून कागद लावून दिले."

"आणि नाव तिचं का घातलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, फाइल तिची आहे म्हणून."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला कधीच कळलेलं नव्हतं. घरमालकानं जागा काढून घेतल्यावर बालवाडीला नाव देणारी कंपनी अडून बसली होती की करार त्याच पत्त्याचा आहे, दुसरीकडे आमच्या नावाची शाळा चालणार नाही. तू तेव्हा माझं ऑफिस सोडलं होतंस. तुझ्याकडे खोली नव्हती, टेबल नव्हतं. तू सकाळी टेप घेऊन निघायचीस आणि त्या भागातली रिकामी घरं बघायचीस. आणि मुलांच्या घरापासूनचं अंतर टेपनं मोजायचीस ते मोजायचीसच, शिवाय एका आईला सांगून तिच्या तीन वर्षांच्या मुलीबरोबर चालत जायचीस. मोठ्यांची पाच मिनिटं म्हणजे त्या मुलीची अकरा. वाटेत एक कुत्रं, एक पायरी, एक पाण्याचा नळ, सगळीकडे थांबून. हे अकरा मिनिटांचं गणित तू कंपनीच्या लोकांपुढे मांडलंस. पंधरा मिनिटांच्या पुढे आया मुलांना पाठवणार नाहीत, तुमच्या नावाची शाळा रिकामी राहील, आणि या घरात ती भरेल. त्यांनी सही केली. बाई म्हणाल्या, "दोन महिन्यांनी शाळा उघडली, तेव्हा बेचाळीसपैकी एकेचाळीस आली. एकाच्या वडिलांची बदली झाली होती."

मी त्या घराचं दार बघितलं, मागचंही. दोन्ही करारात आहेत, असं बाईंनी न विचारता सांगितलं.

आता ऐक. हे मी हिलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

नोटीस हरवली नव्हती.

नोटीस द्यायची मुदत संपायला बारा दिवस होते. तू ती टाईप करून माझ्या टेबलावर ठेवलीस, वर तारखांचं पान, लाल गोल. तीन ओळी होत्या. अमुक जागा, अमुक करार. कलम चौदाप्रमाणे पुढची पाच वर्षं जागा आम्ही ठेवत आहोत. पोच द्यावी. खाली माझ्या सहीची जागा. मी वाचली आणि मला अपमान झाल्यासारखं वाटलं. माझ्या लेटरहेडवरून तीन ओळींचा कागद? घरमालक म्हणेल, वकिलाला काही सुचत नाही. सहीशिवाय कागद बाहेर जायचा नाही आणि मी हात फिरवल्याशिवाय सही नाही, हा नियम माझाच. तू म्हणालीस, "सर, एवढंच पुरेसं आहे." मी म्हटलं, "बघतो." आणि ती निवांतपणे पानभर करावी म्हणून जवळच्या जाड पुस्तकात खूण म्हणून घालून ठेवली. पुस्तक कपाटात गेलं.

सातव्या दिवशी तू विचारलंस, "सर, ती नोटीस?" मी कशात तरी गुंतलो होतो. म्हटलं, "झालीच समज."

जागा सोडा म्हणून घरमालकाचं पत्र आलं, त्यानंतर चौथ्या दिवशी मी ते पुस्तक उघडलं. ती तिथे होती. मी पुस्तक मिटलं. त्याच संध्याकाळी तू आत येऊन विचारलंस, "सर, नोटीस कुठे आहे?" मी म्हटलं, "तूच शोध." तू माझ्याकडे बघितलंस. मग टेबलावरचा टेप उचललास. महिनाअखेर तू गेलीस.

संघटनेनं मला लेखी विचारलं तेव्हा मी उत्तर दिलं, 'फाइल त्यांच्याकडे होती.' तीन शब्द. आयुष्यभरात एवढं थोडक्यात मी तेवढंच लिहिलं असेन.

काल बालवाडीतून परत आल्यावर मी कपाट उघडलं. पुस्तक काढलं, पान काढलं. नोटीस तिथेच होती, पण प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात घातलेली. मी तशीच हातात धरून स्वयंपाकघरात गेलो.

"हे कोणी केलं?"

ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पुस्तकं घरी आणलीत तेव्हा झटकताना पडलं. कागद पिवळा पडायला लागला होता."

"चार वर्षं झाली. मला बोलली नाहीस?"

"तुम्ही ते पुस्तक कधी उघडताय, त्याची वाट बघत होते."



सर


१७ फेब्रुवारी

चि. वकीलबाई,

आज सकाळी तुझं उत्तर आलं. मला वाटलं होतं, या वेळी तरी चार ओळी असतील. शिव्या घालायला तेवढ्या लागतातच.

'सर, तुम्ही म्हणालात की झाली, तेव्हा मी पोच पावती मागायला हवी होती, ती मागितली नाही, ती माझी चूक, तीही लिहावी. तेव्हापासून माझ्या ऑफिसातली प्रत्येक नोटीस मी स्वतः जाऊन देते. शेवटची तारीख अठरा आहे.'

मी हे हिला वाचून दाखवलं. ती डोळे पुसत म्हणाली, "एवढी गुणी मुलगी तुम्ही घालवलीत." मी हो म्हटलं. याआधी अकरा वर्षांत हे वाक्य ती जेव्हा जेव्हा म्हणाली, तेव्हा मी पेपर वर धरला होता.

तुला एक विचारायचं होतं, आणि ते विचारायची हिंमत कागदावरच होते. तुला तेव्हा समजलं होतं ना? तू संघटनेपुढे का बोलली नाहीस? टायपिस्टबाई साक्ष द्यायला तयार होत्या, त्यांनी तुला ती टाईप करून माझ्या टेबलावर ठेवताना बघितलं होतं. बालवाडीच्या बाईंना मी परवा पुन्हा जाऊन हाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "मी पण तिला विचारलं होतं. म्हणाली, भांडण दोन वकिलांचं झालं असतं, आणि तुमच्या शाळेला जागा शोधायची तशीच राहिली असती." यावर मी काय लिहू? कोणत्या रकान्यात लिहू? फॉर्म करणाऱ्यांनी एवढ्याची सोय केलेली नाही.

तू किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या एका खोलीत ऑफिस थाटलंस, हे मला बाईंकडून कळलं. दुसऱ्या गावात, ओळखपाळख नसताना, मागे समज लागलेली. आणि तिथून तू अडीचशे दुकानदारांचे करार केलेस, असं तुझ्या तारखांच्या यादीत शेवटच्या वर्षापुढे बारीक अक्षरात लिहिलंय, तेही मी 'कोणत्या वर्षी काय' असं विचारलं म्हणून. मी असतो तर पाटीवर लिहिलं असतं.

आता माझी हकिगत. रकाना आठ मी अकरा तारखेपासून लिहितोय. आज सतरा. सहा दिवसांत नऊ मसुदे झाले. पहिल्यात माझ्या ऑफिसची परंपरा होती. दुसऱ्यात त्या वर्षी माझ्याकडे किती काम होतं याचं वर्णन. पाचव्यात 'दुर्दैवाने' हा शब्द चारदा. सातवा मला स्वतःला फार आवडला, त्यात पश्चात्ताप असा काही उतरला होता की मी तो दोनदा मोठ्यानं वाचला. हिला वाचायला दिला. तिनं चष्मा लावला, पानं उलटली, परत पहिल्या पानावर आली.

"यात तुमची चूक कुठे लिहिलीये?"

"तिसऱ्या पानावर. चौथा परिच्छेद."

"पहिल्या ओळीत आणा."

"असं एकदम कसं?"

"तिनं कसं लिहिलं होतं? तीन ओळीत?"

मी चिडलो. म्हटलं, या विषयात मी चाळीस वर्षं घालवली आहेत. ती म्हणाली, "म्हणूनच सांगतेय," आणि उठून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. माझी लाल पेन्सिल घेऊन अठरा तारखेभोवती गोल काढला. मग पेन्सिल माझ्यासमोर ठेवली आणि आत गेली.

त्या गोलाकडे बघत बसलो, आणि माझ्या लक्षात आलं मी काय करतोय ते. तोच कागद, तोच माणूस, तेच 'जरा हात फिरवतो'. आणखी दोन दिवस मी शब्द जुळवत बसलो असतो, आणि तुझी जागा दुसऱ्या कोणाला गेली असती, आणि मी तुला पानभर पत्र लिहून कळवलं असतं की दुर्दैवाने उशीर झाला. मी थट्टा करत नाहीये.

वाचनालयाचं नाव आता बदलेल. समितीतले ते गृहस्थ संघटनेतही आहेत, चार दिवसांत सगळ्यांना कळेल. मला त्याचं वाईट वाटणार नाही असं लिहिणार होतो. वाटेल. पाटीचा नमुना मला दाखवून गेले होते, अक्षरं चांगली होती. पण तुझी तारीख त्याच्या आधी आहे.

पुरवण्या मात्र मी ठेवणार आहे. पाचाच्या आता सात झाल्या. कौतुक पानभर करायला कायद्यानं बंदी नाही, आणि तुझं अकरा वर्षांचं थकलंय.

उद्या सकाळी बसनं जातो. हे पत्र आत्ताच टाकतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

तुझा,
सर


१८ फेब्रुवारी

रकाना आठ : 'नोटीस तिने वेळेत दिली होती, मी ती पुस्तकात ठेवली आणि दोष तिच्यावर येऊ दिला, तिने पोच मागितली नाही, हे तिच्या सांगण्यावरून लिहीत आहे.'
फॉर्म मी स्वतः जाऊन दिला, दुपारी सव्वाबाराला.
तुझी नोटीस त्याला जोडली. पोच पावती सोबत आहे.

पानभर